परदेशी पाहुणे मोजून जातात, आम्ही कधी मोजायचं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी पुण्यातल्या एका शैक्षणिक संस्थेत कार्यक्रम समन्वयक आहे. भोर आणि मुळशी तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत दुसरी ते चौथीच्या मुलांच्या वाचनावर आमचं काम चालतं. युरोपातल्या एका विद्यापीठाने आमच्या कार्यक्रमाचं तीन वर्षांचं मूल्यमापन करायचा प्रस्ताव दिलाय. ४० शाळा, प्रत्येकीत ३० मुलं. निम्म्या शाळांत आमचा कार्यक्रम, निम्म्या 'कंट्रोल', म्हणजे कार्यक्रमाशिवायच्या, तुलनेसाठी. पैसा त्यांचा, चाचणी त्यांची, विश्लेषण त्यांचं, आम्ही 'लोकल पार्टनर'. 'स्थानिक क्षमताबांधणी' असं एक कलम आहे आणि त्याखाली पाच दिवसांची कार्यशाळा.

काही वर्षांपूर्वी असाच एक गट येऊन गेला. आमच्या मुलींनी भर पावसात वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. पेपर इंग्रजीत निघाला, शेवटी एका ओळीत आमचे आभार. तो डेटा आजतागायत आमच्याकडे नाही. आता फील्डवरच्या मुली विचारतात, "ताई, परत तेच फॉर्म?" मला स्वतःला मूल्यमापन शिकायचंय, पण मी समाजकार्यातली एमएसडब्ल्यू, आकडे दिसले की पोटात गोळा येतो. आमचे सर म्हणतात, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला कशाला जायचं? नाही म्हणावं का? की हा माझा कृतघ्नपणा आहे?

— कोथरूडची एक वाचक

उत्तर

नमस्कार,

नाही म्हणू नका, आणि आहे त्या मसुद्यावर सरांना सहीही करू देऊ नका. या दोन्हींच्या मधे वाटाघाटीला भरपूर जागा असते, फक्त ती बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, सुरू होईपर्यंतच असते. एकदा टॅब फील्डवर गेले की करार कुणी उघडूनसुद्धा बघत नाही.

कृतघ्नपणाचं आधी मिटवून टाकू. त्यांना तुमच्या शाळा हव्यात, शिक्षकांशी असलेली तुमची ओळख हवी आहे, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर तुमच्या शब्दाला असलेलं वजन हवं आहे. हे सगळं उभं करायला तुम्हाला वर्षं लागली. ते उपकार करत नाहीयेत आणि तुम्हीही करत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, तेव्हा हिशोब मांडायला लाजायचं कारण नाही. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आता त्या 'क्षमताबांधणी'च्या कलमाकडे वळू. पाच दिवसांची कार्यशाळा बहुधा बाणेर रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात होईल, स्लाइड्स देखण्या असतील, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सहाव्या दिवशी तुमच्या मुली पुन्हा फॉर्म भरायला जातील. माणूस स्वयंपाक शिकायला आलाय आणि तीन वर्षं त्याला नुसते कांदे चिरायला बसवलंय, असा हा प्रकार. मूल्यमापन येतं ते निर्णय घेऊन. काय मोजायचं, कुठे मोजायचं, कोणाची कोणाशी तुलना करायची, आकडा विचित्र आला तर त्याचं काय करायचं, हे निर्णय जिथे होतात त्या खोलीत तुमची दोन माणसं पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. बाकी सगळ्या मागण्या यातूनच निघतात.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. त्यांच्या आराखड्यात तुमच्या पत्रावरूनच तीन गोष्टी खटकतात, आणि त्या तिन्ही तुम्हाला माहीत आहेत, त्यांना नाहीत.

पहिली गोष्ट केंद्राची, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या आसपासच्या शाळांच्या गटाची. ते शाळांच्या चिठ्ठ्या टाकणार, म्हणजे एकाच केंद्रातल्या काही शाळा कार्यक्रमात येणार आणि काही कंट्रोलमध्ये. पण केंद्रातले सगळे शिक्षक दर महिन्याला शिक्षण परिषदेला एकत्र बसतात. तुमच्या शाळेतल्या गुरुजींनी वाचनाचा नवा खेळ सांगितला की पुढच्या आठवड्यात तो कंट्रोल शाळेतही खेळला जाणार. केंद्रप्रमुख चांगले असतील तर ते स्वतःच सगळ्यांना करायला लावतील. त्यात जिल्हांतर्गत बदल्या आल्या. तुम्ही दोन वर्षं तयार केलेल्या बाई तिसऱ्या वर्षी नेमक्या कंट्रोल शाळेत रुजू. मग एंडलाइनला, म्हणजे शेवटच्या चाचणीला, दोन्हीकडची मुलं सारखीच वाचायला लागलेली दिसणार आणि पेपरात छापून येणार की कार्यक्रमाचा परिणाम नाही. वास्तविक तो इतका झाला की कुंपण ओलांडून गेला! यावर उपाय आहे. चिठ्ठ्या शाळांच्या टाकण्याऐवजी केंद्रांच्या टाकायच्या. त्याची किंमत मोजावी लागते, तिच्याकडे पुढे येते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. त्यांच्या विद्यापीठाच्या सत्रांना सोयीचं म्हणून चाचणी बहुतेक जूनच्या शेवटी आणि फेब्रुवारीत ठेवलेली असेल. तुमच्या भागात कातकरी वस्त्या आहेत. दिवाळी झाली की त्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात, मुलांसकट. फेब्रुवारीत ती मुलं हजेरीपटावर असतील, वर्गात नसतील. मागे उरलेली मुलं आधीपासूनच जरा बऱ्या स्थितीतली. तुमची संस्था मुलांना थांबवण्यासाठी कार्यक्रमाच्या गावांत सोय करत असेल, तर कार्यक्रमाच्या शाळांत कच्ची मुलं टिकतील, कंट्रोलमध्ये गळतील, आणि सरासरी काढली की कंट्रोल शाळाच हुशार दिसतील. ही गळती कोणत्या मुलांची, हे त्यांना कळेल तेव्हा डेटा साफ करायची वेळ झालेली असेल. तुम्हाला आज माहीत आहे. ऑक्टोबरात, परीक्षेच्या आधी, एक चाचणी घ्या म्हणून सांगा, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांची नोंद बेसलाइनलाच करून ठेवा.

तिसरी गोष्ट तीस मुलांची. भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाच्या शाळांत पहिली ते चौथी मिळून पटावर किती मुलं असतात ते तुम्ही मला सांगू शकाल. एका शाळेत दुसरी ते चौथीची ३० मुलं तिथे कुठून आणणार? हा आकडा कुणीतरी तिथे बसून दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या अभ्यासातून उचललेला आहे. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

आणि इथेच तुमच्या गणिताच्या भीतीला पहिला धडा देते, कारण तो फार सोपा आहे. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. तेच गुरुजी, तीच वस्ती, तेच पुस्तक. म्हणून एका शाळेतली ३० मुलं म्हणजे ३० वेगवेगळ्या बातम्या नव्हेत, बरीचशी एकच बातमी तीस वेळा. हे सारखेपण मोजायचा एक आकडा असतो, शून्य ते एकच्या मधे. समजा तो ०.२ आहे. मग शाळेमागे मुलं ३० असतील तर ३० मधून १ वजा करा, २९. त्याला ०.२ ने गुणा, ५.८. त्यात १ मिळवा, ६.८. आता ४० शाळांतल्या एकूण १,२०० मुलांना ६.८ ने भागा. उत्तर साधारण १७६. म्हणजे बाराशे मुलं तपासून तुमच्या हाती १७६ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती येते.

आता शाळेमागे १२च मुलं धरा. तेच गणित केलं तर भागायचा आकडा ३.२ येतो, एकूण मुलं ४८०, आणि उत्तर १५०. मुलं निम्म्याहून कमी झाली, माहिती मात्र १७६ वरून १५० वर आली, बस. तेव्हा लहान शाळा घेतल्या म्हणून अभ्यास बुडत नाही. जोर मुलांच्या संख्येत नसतो, शाळांच्या संख्येत असतो. आणि चिठ्ठ्या केंद्रांच्या टाकल्या तर केंद्रांच्या संख्येत. म्हणून मघाशी किंमत म्हटलं. ४० शाळा जर आठच केंद्रांतून घेतल्या तर चिठ्ठ्या आठच, आणि आठ चिठ्ठ्यांवर कुणी छातीठोक काही सांगू शकत नाही. त्याऐवजी दोन-तीन तालुके घेऊन पुष्कळ केंद्रं निवडायची आणि प्रत्येकातून थोड्याच शाळा, थोडीच मुलं. पेट्रोलचा खर्च वाढेल, सर्वेक्षकांची पायपीट वाढेल. तो खर्च बजेटमध्ये आत्ताच घालून घ्यायचा.

हे गणित त्यांना झोपेत येतं. केंद्र, बदल्या आणि वीटभट्टी तुम्हाला झोपेत माहीत आहे. दोन्ही एका टेबलावर आल्याशिवाय हा अभ्यास धड होणार नाही. सरांना हेच सांगा. आम्हाला मान द्या, हा सूर लावू नका. आमच्याशिवाय तुमचा अभ्यास फसेल, हे दाखवून द्या. संशोधकाला दुसरं वाक्य लगेच कळतं.

आपल्याकडे मूल्यमापनाची परंपरा नाही, ते परदेशातूनच शिकायला हवं, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली पुण्यात उभी राहिली, आणि धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली तिथल्या माणसांनी पुणे शहराची घरोघर पाहणी केली, वाई तालुक्यातल्या शेतीचे हिशोब लिहून घेतले. केंद्र सरकारने सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू केला तेव्हाच, १९५२ साली, त्याच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र संघटना काढली. आज नीती आयोगात मूल्यमापनाचं जे कार्यालय आहे, त्याच्या मुळाशी तीच आहे.

परदेशी भागीदारीतून काय उभं राहू शकतं हे बघायलाही लांब जायला नको. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना दिसत होतं की इथल्या मधुमेह्यांना आजार तरुणपणी होतो आणि ते पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्यासारखे लठ्ठही नसतात. प्रश्न इथला होता. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्याबरोबर १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. जन्माला आलेली मुलं वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असलेली निघाली. या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत चालू राहिला, आणि पुढे त्याच गावांतल्या त्याच मुलांवर, ती वयात आल्यावर, बी-१२ जीवनसत्त्वाची चाचणीही पुण्याच्या गटाने घेतली. भागीदार परदेशातले होते, पण घर, नोंदी, गावाशी नातं आणि पुढचा प्रश्न विचारायची ताकद पुण्यात राहिली. तुम्हाला करारात मागायचंय ते हे.

गडचिरोलीचं उदाहरण तर तुम्हाला पाठ असेल. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, परत येऊन 'सर्च' ही संस्था काढली, आणि ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत राबवून तिची ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. लोक त्यातल्या बाळांविषयी बोलतात, ते योग्यच आहे. पण कंट्रोलची ४७ गावं मोजत राहण्याची चिकाटी कुणी लक्षात घेत नाही. ज्या गावात आपण काही देत नाही तिथे वर्षानुवर्षं जन्म-मृत्यू नोंदत राहणं हे या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

तुमच्या कामाला सगळ्यात जवळची म्हणजे मुलांच्या शिक्षणात काम करणारी 'प्रथम' ही संस्था. २००१ पासून मुंबई आणि वडोदऱ्यात त्यांच्या बालसखी कार्यक्रमाचा अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांच्या गटाने अभ्यास केला. वस्तीतलीच एक मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन शिकवायची. मुलांची प्रगती दिसली, आणि कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्यातली बरीचशी ओसरली, हेही दिसलं. पुढे उत्तर प्रदेशात जौनपूरला तपासलं तर गावसभा घेऊन पालकांना शाळेची माहिती दिल्याने शाळेत काहीच फरक पडला नाही असं निघालं. गावातल्या स्वयंसेवकांच्या वाचनवर्गांना गेलेली मुलं मात्र वाचायला लागली. गावसभेचा भाग फसला हे ऐकायला कुणाला आवडेल? पण 'प्रथम'ने ते पचवलं आणि कार्यक्रमाचा आकार बदलत नेला. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. या संशोधकांबरोबर काम चालू असतानाच 'प्रथम'ने २००५ पासून मुलांना कितपत वाचता येतं हे बघणारी 'असर'ची पाहणी स्वतः सुरू केली. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. जिल्ह्यातल्या कॉलेजांची आणि संस्थांची मुलं घरोघर जाऊन ती वाचून घेतात. मोजायची काठी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. पुढे त्या काठीवरून पूर्व आफ्रिकेतल्या लोकांनी आपापली काठी बनवली. २०१९ चं नोबेल संशोधकांना मिळालं, ठीकच आहे, ते त्यांचं क्षेत्र.

आता करारात काय घालायचं ते. माणसांपासून सुरुवात करा. एक फील्डची आणि एक ऑफिसची, अशी दोन माणसं तीन वर्षांसाठी अर्धवेळ या कामाला बांधा आणि त्यांचा पगार बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवायला लावा. नाहीतर होतं काय, की शिकायची जबाबदारी तुमच्यावर पडते आणि शिकायचा वेळ रात्री दहानंतरचा. फील्डची म्हणून जी निवडाल ती सर्वेक्षकांतलीच एखादी चौकस मुलगी असू दे. "ताई, परत तेच फॉर्म?" असं विचारणारी चालेल. किंबहुना तीच घ्या.

विश्लेषण एकत्र करायचं हे लिहून घ्या. दर पंधरा दिवसांनी ऑनलाइन बसायचं, स्क्रीन तुमच्या माणसाची, चुका तुमच्या माणसाच्या, आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी दुरुस्त करणार. त्यांना वेळ जास्त लागेल, ते कुरकुरतील. सॉफ्टवेअरवरही आत्ताच बोला. त्यांच्याकडे बहुधा स्टाटा असेल. त्याचं लायसन्स प्रकल्पाच्या पैशातून येतं आणि प्रकल्पाबरोबर जातं. मग तीन वर्षांची मेहनत ज्या फायलींत आहे त्या तुम्हाला चालवता येत नाहीत. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात काम करा म्हणा, निदान तुमची प्रत तरी.

डेटाची प्रत नावं-पत्ते काढून तुमच्याकडे, कोडबुकासकट (कुठल्या रकान्याचा अर्थ काय याची यादी), प्रत्येक फेरीनंतर ठरावीक मुदतीत. 'प्रकल्प संपल्यावर' हे शब्द स्वीकारू नका. प्रकल्प कधीच संपत नाहीत, माणसं फक्त मेलला उत्तर द्यायची थांबतात. गरज सरो, वैद्य मरो, हे तुम्ही एकदा अनुभवलंच आहे. मुलांच्या नावांची मूळ यादी कुठल्या सर्व्हरवर राहणार, कोण उघडू शकणार, हेही विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लहान मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, तेव्हा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तर उद्या कुणीतरी तुम्हाला विचारेल.

सहलेखक कोण हे पहिल्याच बैठकीत ठरवा, आणि तुमच्या माणसांनी त्यासाठी काय काम करायचं हेही. नुसतं नाव मागू नका, काम मागा, म्हणजे नाव आपोआप येतं. पेपर छापण्याआधी वाचायला मिळावा, त्यावर लेखी मत देता यावं, एवढं घाला. छापू नका म्हणायचा हक्क मात्र मागू नका. चांगला संशोधक तो देणार नाही, आणि जो देईल त्याच्या अभ्यासावर कुणी विश्वास ठेवणार नाही. परिणाम शून्य आला तर तो शून्य म्हणून छापला जाईल, याची सरांच्या मनाची तयारी आत्ता करा.

पैशाचं सरांपेक्षा तुमच्या सीएला विचारा. हे अनुदान असेल तर परदेशी योगदान नियमन कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून पुण्यातली एखादी संस्था तिसरी भागीदार म्हणून घ्यायची असेल, आणि मला वाटतं घ्यावीच, तर तिचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात सरळ यायला हवा. 'आमच्याकडे द्या, आम्ही त्यांना देऊ' हे चालणार नाही. तिसरी भागीदार कशाला? कारण तुमच्या दोन माणसांपैकी एक लग्न करून नाशिकला जाईल, दुसऱ्याला चांगली नोकरी मिळेल. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, गोखले संस्था, कर्वे समाज सेवा संस्था, कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, हे सगळं तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे (ट्रॅफिक सोडून). तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला आणि दोन विद्यार्थ्यांना यात ओढा. पाहुणे गेल्यावर फोन करायला इथे कुणीतरी असेल. नैतिक मान्यता घ्यायची ती इथल्या समितीची, फक्त त्यांच्या विद्यापीठाची पुरत नाही. जिल्हा परिषदेची परवानगी तर तुम्हीच काढणार, ते तुम्हाला मी काय सांगू.

सगळ्यात जोर लावून एक अट घाला. तिसऱ्या वर्षी एक छोटा, वेगळा अभ्यास तुमचा गट स्वतः करणार. प्रश्न तुमचा, आराखडा तुमचा, विश्लेषण तुमचं. त्यांनी फक्त तपासायचं आणि टीका करायची. विषय मोठा नको. स्थलांतर करून परत आलेली मुलं किती मागे पडतात आणि जून-जुलैत किती भरून काढतात, एवढाच घ्या. हा अभ्यास धड झाला तर कलमातला 'क्षमताबांधणी' शब्द खरा होता, नाही झाला तर नव्हता, आणि ते तिसऱ्या वर्षीच कळेल. त्यासाठी त्यांच्या बजेटमध्ये आत्ताच ओळ टाका. ते याला कुरकुर न करता हो म्हणाले तर माणसं चांगली आहेत असं समजा.

नाही कधी म्हणायचं? डेटाची प्रत द्यायला तयार नसतील तर. केंद्राचा आणि स्थलांतराचा मुद्दा ऐकून घेतल्यावरही आराखडा हलवायला तयार नसतील तर. आणि तिसरं कारण त्यांचं नाही, तुमचं. तुमचा कार्यक्रम दर सहामाहीला बदलत असेल, पुस्तकं बदलताहेत, तास बदलताहेत, तर चिठ्ठ्या टाकून मोजण्यासारखं अजून काही तयारच झालेलं नाही. तेव्हा त्यांना मोकळेपणाने वर्षभर थांबायला सांगा आणि ते वर्ष नुसतं हजेरी, तास आणि वाचनपातळी नीट नोंदण्यात घाला. पुष्कळ संस्थांना खरं तर तेवढंच हवं असतं.

तुमच्या भीतीबद्दल एवढंच म्हणते, की वरचं भागाकाराचं गणित तुम्ही वाचताना सोडून दिलं नसेल तर तुम्हाला हे जमेल. पदवी लागत नाही. जुन्या वर्षाची तुमचीच वाचनपातळीची एक्सेल फाइल उघडा आणि एका केंद्राचा शाळावार तक्ता करा. त्यात एखादी शाळा हमखास अशी सापडेल जिथे शंभर टक्के मुलं गोष्ट वाचतात. तिथे फोन लावा, हे खरं आहे का ते विचारा. मूल्यमापन तिथून सुरू होतं. संख्याशास्त्राचे शब्द नंतर येत राहतात.

सरांपुढे जाताना हे सगळं घेऊन जाऊ नका. प्रस्तावाचं बजेटचं पान तेवढं न्या आणि पेन्सिलने खुणा करा, कुठली ओळ तिथे खर्च होते आणि कुठली इथे, इथल्यांपैकी कुठली प्रकल्पानंतर उरते. लक्ष्मी टिळा लावायला आली आहे हे त्यांचं म्हणणं मान्य करा. तिला बसायला सांगून चहा होईपर्यंत पान वाचायला काय हरकत आहे?

आणि फील्डवरच्या मुलींचं राहिलं. त्या जुन्या गटाला आजच मेल टाका, पेपर आणि तुमच्या शाळांचे निकाल मागा, सीसीमध्ये त्यांच्या विभागप्रमुखाला ठेवा. विद्यापीठांना असल्या मेलची भीती वाटते, उत्तर येतं. आलं की दोन पानांत मराठीत उतरवा, ज्या शाळांत त्या मुली हिंडल्या तिथल्या शिक्षण परिषदेत त्यांनाच वाचून दाखवायला लावा, आणि गुरुजींना विचारू दे काय विचारायचं ते. नव्या पाहुण्यांना या बैठकीला बोलवा. दुभाष्या त्यांनी आणायचा, त्यांच्या खर्चाने.